हिवाळ्याचे मेनूकार्ड दसऱ्यालाच ठरवा

थंडीची चाहूल लागली की जालना रोडवर मुकुंदवाडीपासून चिकलठाण्यापर्यंत हॉटेलांच्या दारात नवे फलक लागतात. निहारी, पाये, तंदुरी, हंडी आणि शिवाय चायनीज. जुने कार्ड तसेच ठेवून त्याखाली चार पदार्थ चिकटवायचे आणि दर दहा-वीस रुपयांनी वाढवायचे, यालाच आमचे बहुतेक हॉटेलवाले बंधू हिवाळ्याचा मेनू समजतात. आमच्या मते ही नुकसानीची वाट आहे. हिवाळ्याचे कार्ड वाढवायचे नसते, कमी करायचे असते; आणि ते डिसेंबरात नव्हे, दसऱ्याच्या सुमारास ठरवायचे असते.

आधी गिऱ्हाईक पाहू. चिकलठाण्याचे गिऱ्हाईक म्हणजे शहागंज किंवा रोशन गेटचे गिऱ्हाईक नव्हे. तिथे माणूस खास खाण्यासाठी येतो, रात्री उशिरापर्यंत बसतो. इथे एमआयडीसीचा कामगार पाळीच्या घड्याळाप्रमाणे येतो, ट्रकवाला गाडी बाजूला लावून घाईत जेवतो आणि आसपासच्या खेड्यांतला शेतकरी बाजाराच्या कामाने येतो. विमानतळ शेजारी आहे म्हणून काहीजण पर्यटकाच्या आशेवर बसतात. पण विमानातून उतरलेला पाहुणा गाडीत बसून थेट शहराकडे किंवा वेरूळकडे जातो. त्याच्यावर भिस्त ठेवून कार्ड छापू नये.

कामगाराला भल्या सकाळी काय हवे असते? गरम, पोट धरणारे आणि पाच मिनिटांत समोर येणारे. निहारी नेमकी याचसाठी आहे. ‘नहार’ म्हणजे सकाळ, नावातच वेळ सांगितलेली आहे. तरीही आमच्याकडे ती रात्री आठ वाजता विकली जाते आणि सकाळी सहाला शटर बंद असते. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो. अशा वेळी पहिल्या पाळीचा माणूस कारखान्याच्या फाटकाबाहेर चहा-बिस्किटावर भागवून आत जातो. तो आपल्या दारावरून गेला आणि आपण झोपलेले होतो, तर दोष मंदीला कसा द्यायचा?

मात्र निहारीला रात्रभराची आंच लागते. व्यावसायिक सिलिंडर 19 किलोचा. तो किती रात्री पुरतो याची नोंद ठेवणारे हॉटेलवाले आम्हाला फार थोडे भेटले. मसाल्याचा हिशेब तोंडपाठ असतो, आगीचा नसतो. आणि खरा तोटा होतो तो उरलेल्या देगेत. समजा एका प्लेटचा कच्चा माल 60 रुपये आणि विक्री 120 रुपये. 40 प्लेटी केल्या, 40 विकल्या, तर मालाचे पैसे वजा जाता 2,400 रुपये राहतात. 50 केल्या आणि 40 विकल्या, तर 1,800 राहतात. फक्त दहा प्लेटी उरल्या आणि कमाईचा चौथा हिस्सा गेला. महिन्याचे 26 दिवस धरा, 15,600 रुपये होतात. ‘उरले तर उद्या गरम करून देऊ’ असे म्हणणाऱ्याने सांगितलेले बरे की शिळी निहारी खाल्लेला माणूस भांडत नाही, तो फक्त पुन्हा येत नाही. म्हणून आमचा सल्ला असा की पहिल्या पंधरवड्यात देग मुद्दाम लहान ठेवावी. साडेआठला ‘संपली’ अशी पाटी लागली तर लाज वाटून घेऊ नये. तीच उद्याची जाहिरात.

आता नान खलिया. महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा लष्कराबरोबर हा पदार्थ आला असे सांगितले जाते. ते कसेही असो, औरंगाबादची, म्हणजे 2023 पासूनच्या छत्रपती संभाजीनगरची, ओळख तोच आहे. पण लग्नाच्या दस्तरखानावर जो असतो तो हॉटेलच्या कार्डावर क्वचितच दिसतो. कार्डावर दिसतो तो हैदराबादचा, लखनौचा आणि दिल्लीचा माल. परगावच्या माणसाला लखनवी कबाब खायला चिकलठाण्याला यायचे कारण काय? शिवाय यात कारागिराचा प्रश्न आहे. भट्टीत नान लावणारा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतो. लग्नाच्या तारखा असल्या की या कारागिरांना उसंत नसते आणि नसल्या की काम नसते. मुले रिक्षा चालवायला किंवा कंपनीत कंत्राटी कामाला जातात, त्यांनी का जाऊ नये? चार हॉटेलांनी मिळून हिवाळ्याचे चार महिने एका भट्टीचे नान रोज ठरलेल्या संख्येने उचलले, तर त्या घराला बांधलेली रोजी मिळेल आणि हॉटेलवाल्यालाही स्वतःची भट्टी घालावी लागणार नाही. हा करार लग्नसराई सुरू होण्याआधी व्हायला हवा. डिसेंबरात नानवाल्याकडे गेलात तर तो हात जोडून परत पाठवील.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. 2015 पासून राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे खलिया एक तर म्हशीच्या गोश्ताचा किंवा बकऱ्याच्या. कोणता, ते कार्डावर ठळक अक्षरांत लिहावे. चिकलठाण्यात एकाच टेबलावर सर्व जातिधर्मांचे कामगार बसतात. अशा ठिकाणी आम्ही तर बकऱ्याचाच ठेवावा असे म्हणू, प्लेट लहान झाली तरी चालेल. गिऱ्हाइकाच्या मनात शंका राहिली की तो उठून जातो आणि बरोबरच्या चौघांना घेऊन जातो.

त्याच टेबलावरची दुसरी बाजू आमचे बंधू विसरतात. हिवाळ्याच्या तोंडाशी मार्गशीर्ष येतो. त्या महिन्यात, निदान गुरुवारी, कितीतरी हिंदू घरांत मांसाहार होत नाही. मटणाच्या देगा भरून ठेवायच्या आणि गुरुवारी ‘आज गर्दी का नाही’ म्हणून कपाळाला हात लावायचा, हे आम्ही पाहिलेले आहे. कॅलेंडर भिंतीवर टांगलेले असते, ते वाचावे. चंपाषष्ठीला वांग्याच्या भरिताला मागणी असते. भोगीला, म्हणजे साधारण 13 जानेवारीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि गाजर, वाल, हरभरा, वांगे यांची मिश्र भाजी घरोघरी होते. घरापासून दूर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला ती कोण देणार? आमच्या हॉटेलात स्वतंत्र चूल आणि स्वतंत्र भांडी ठेवून ती का मिळू नये? या दिवसांत जाधववाडीच्या बाजारात मेथी, वाटाणा, गाजर यांची आवक भरपूर असते आणि भावही उतरलेले असतात. पनीर बारमाही एकाच भावाने विकत घेणाऱ्याने मेथीची जुडी एकदा हातात घेऊन पाहावी.

हुरड्याचेही तसेच. शहराबाहेर शेतांवर हुरडा पार्ट्या होतात आणि लोक त्यासाठी चांगले पैसे मोजतात. चिकलठाण्याच्या पुढे रब्बी ज्वारीचा पट्टा आहे, मग हा धंदा आपला का नाही? पण हुरडा साठवता येत नाही. कणसे दुधाळपणा सोडून नुकती भरू लागतात तेवढेच थोडे दिवस, आणि सकाळी तोडलेला माल त्याच दिवशी आगटीत गेला पाहिजे. त्यासाठी ज्वारी पेरतानाच, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, शेतकऱ्याशी बोलावे लागते. गूळभेंडीसारखे गोड वाण पेरायला सांगावे आणि पेरणी आठ-आठ दिवसांच्या अंतराने करवून घ्यावी, म्हणजे हुरडा सलग महिनाभर मिळतो. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. रविवारी दुपारी अंगणात चार खाटा टाकल्या तरी पुरे.

मग कार्डावरून काढायचे काय? लस्सी, फालुदा, आइस्क्रीम तर काढाच. फ्रीजची वीज वाचेल. चायनीजविषयी आमच्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटतील. ते काढू नका, पण संध्याकाळपुरते ठेवा. सकाळी निहारी, दुपारी भाकरी-भाजी आणि खलिया, संध्याकाळी सूप, तंदुरी आणि हवे तर चायनीज. एका वेळेला पाच-सहा पदार्थ पुष्कळ झाले.

शेवटी पुढच्या वर्षांचा एक हिशेब. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान पुन्हा थंडीत सरकत आहे. 1998 आणि 1999 मध्ये तो डिसेंबरात सुरू झाला होता. 2028 मध्ये जानेवारीच्या अखेरीस येईल, आणि 2030 मध्ये तर दोनदा, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस; चंद्रदर्शनाप्रमाणे एखादा दिवस मागे-पुढे. त्या दिवसांत सकाळची निहारी सहरीवर जाईल, म्हणजे देग दोन तास आधी उतरवावी लागेल. इफ्तार सहाच्या सुमारास, अगदी कारखान्याची पाळी सुटून माणसे रस्त्यावर असताना होईल. ज्यांनी 1998-99 मध्ये गल्ला सांभाळला ते बुजुर्ग अजून आपल्यात आहेत. तेव्हा किती देगा लागत आणि किती वाजता लागत, हे त्यांना आत्ताच विचारून वहीत लिहून ठेवावे.