जुनी कॅसेट डिस्कवर घेताना : सेटिंग आपणच ठरवायला हवं

शिक्षक मित्रांनो, बऱ्याच शाळांच्या कपाटात अजूनही व्हीएचएस कॅसेटी पडून आहेत. स्नेहसंमेलन, क्रीडा महोत्सव, एखाद्या गुरुजींचा निरोप समारंभ. दमट हवेत टेपला बुरशी लागते. व्हीसीआर तर आता नवा मिळतच नाही. जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली तो बनवणं थांबवलं. म्हणजे काही कॅसेटी यापुढे कदाचित एकदाच नीट चालतील. म्हणूनच डिस्क करताना सेटिंग कोणतं ठेवायचं, हे दुकानदारावर सोडून देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते "सगळं एकाच डिस्कमध्ये बसवा" या हट्टामुळे. यात सातवीच्या मुलालाही जमेल असं गणित आहे. साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी, म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट. तीन तासांचे सेकंद होतात १०,८००. भागाकार केला की एका सेकंदाच्या वाट्याला आवाजासकट जेमतेम साडेतीन मेगाबिट येतात. भाषण चालू असेल तर एवढ्यात भागतं, पण लेझीम सुरू झालं की चित्राचे चौकोनी ठोकळे दिसायला लागतात. तेच तीन तास दोन डिस्कवर दीड-दीड तास घेतले, तर सेकंदाला जवळपास सात मेगाबिट मिळतात. एका डिस्कचे पैसे वाचवण्यासाठी मुलांचे चेहरे का पुसायचे?

दुसरा गैरसमज असा की आकडा मोठा म्हणजे चित्र चांगलं. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने साधारण २४० रेषांइतकाच तपशील असतो. कितीही मोठं सेटिंग ठेवा, टेपवर नाही ते डिस्कवर येणार कुठून? भारतात आपण पाल पद्धत वापरली, तिच्यासाठी ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम हे सेटिंग योग्य. काही सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकेची एनटीएससी पद्धत आधीच निवडलेली असते, ती बदलायला विसरू नका. (अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट मात्र एनटीएससी असू शकते!) अगदीच एका डिस्कवर तीन तास घ्यायचे असतील, तर ३५२ बाय ५७६ निवडा. डीव्हीडीला ते चालतं, आणि तेवढ्याच मेगाबिटमध्ये निम्मे बिंदू सांभाळायचे असल्यामुळे ठोकळे कमी होतात.

तिसरी गोष्ट 'इंटरलेस'ची. टेपवर प्रत्येक फ्रेम दोन भागांत असते, एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम. असे सेकंदाला ५० भाग असतात. संगणकावर बघताना हालचालीच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात, म्हणून लोक 'डीइंटरलेस' करून टाकतात. डिस्कसाठी ते करू नका. टीव्ही आणि प्लेअर ते काम स्वतः करतात. आपण आधीच केलं तर बहुतेक वेळा निम्मी हालचाल कायमची जाते आणि नाच अडखळत चालल्यासारखा दिसतो.

आवाज ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, ४४.१ हा आकडा ऑडिओ सीडीचा. चित्राचं प्रमाण ४:३ राहू द्या. रुंद टीव्ही भरावा म्हणून ताणलं की सगळे गुरुजी जाडजूड दिसतात!

काही जण म्हणतील, आता डिस्क कोण बघतं, पेनड्राइव्ह द्या. जरूर द्या. पण टेपवरून घेताना जे गळलं, ते पेनड्राइव्हवरही नसणारच.

तेव्हा दुकानात कॅसेट देताना एवढं सगळं एका कागदावर लिहून द्या. आधी पाच मिनिटांचा नमुना मागा, तोही नाचाचा, भाषणाचा नको. आणि डिस्क हातात आली म्हणून मूळ कॅसेट टाकून देऊ नका. ती कोरड्या जागी, उभी ठेवा. डिस्कही खराब होतेच की!