विश्लेषण : चष्मा गेला, तक्त्यावर ‘६/६’ आले, तरी रात्री दिव्यांभोवती वलये का?

लेझर शस्त्रक्रियेच्या जाहिराती ‘चष्म्यापासून मुक्ती’ एवढेच सांगतात. शस्त्रक्रिया झाली, रुग्णाने तक्त्यावरची बारीक अक्षरे वाचली की ती यशस्वी ठरते. पण हा तक्ता उजळ पांढऱ्यावर ठळक काळ्या अक्षरांचा असतो. पावसाळी रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात रस्ता कसा दिसेल, हे तो सांगत नाही. त्याचे उत्तर कॉर्नियाच्या आकारात आहे.

कॉर्नियाचा आकार का महत्त्वाचा?

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पण डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे सुमारे दोनतृतीयांश काम तोच करतो. तो चेंडूसारखा एकसारखा गोल नसतो. मध्यभागी त्याची वक्रता जास्त असते आणि कडेकडे ती कमी होत जाते. त्यामुळे मधून आणि कडेने आलेले किरण जवळपास एकाच ठिकाणी एकत्र येतात.

लेझर काय बदलते?

मायनस नंबरच्या डोळ्यात प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. ती मागे नेण्यासाठी लेझरने कॉर्नियाचा मधला भाग तासून चपटा करतात. ६ मिलिमीटर व्यासाचा भाग तासायचा तर ढोबळ हिशेबाने दर एका नंबरामागे १२ मायक्रॉन जाडी जाते. म्हणजे उणे २ साठी २४, तर उणे ८ साठी ९६ मायक्रॉन. नंबर मोठा असेल तर मूळ ठेवण उलटते : मध्ये चपटा, कडेला अधिक वक्र. मग कडेचे किरण अलीकडेच एकत्र येतात.

दिवसा त्रास का होत नाही?

उजेडात डोळ्याची बाहुली लहान होते आणि कडेचे किरण अडतात. अंधारात ती मोठी होते. तरुणांमध्ये ६-७ मिलिमीटरपर्यंतही जाते. तेव्हा हेच किरण आत शिरतात आणि दिव्यांभोवती वलये, चकाकी, पुसट कडा दिसतात.

हा त्रास किती जणांना?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ‘प्राउल’ अभ्यासांत, आधी अशी तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी किमान एक तक्रार नोंदवली. मात्र अशा तक्रारींमुळे रोजची कामे फार अवघड झालेले एक टक्क्याहून कमी होते आणि ९५ टक्क्यांहून अधिक जण समाधानी होते. म्हणजे घाबरण्याचे कारण नाही. पण रुग्णाला अंधारात ठेवण्याचेही नाही.

यावर उपाय काय?

तासण्याचा व्यास वाढवला तर वलये कमी होऊ शकतात. पण व्यास ७ मिलिमीटर केला, की उणे ८ साठी ९६ ऐवजी सुमारे १३० मायक्रॉन जाडी खर्ची पडते. पातळ कॉर्नियाला हे परवडत नाही. कडेची वक्रता सांभाळणारी नवी लेझर यंत्रे त्रास कमी करतात, पूर्ण टाळत नाहीत.

म्हणून संमतिपत्रावर सही घेण्याआधी तीन गोष्टी रुग्णासमोर ठेवल्या गेल्या पाहिजेत : कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा म्हणजे टोपोग्राफी, अंधारातील बाहुलीचे माप आणि त्याच्या नंबरासाठी किती मायक्रॉन जाणार हा आकडा. टोपोग्राफीत कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याची, म्हणजे केराटोकोनसची, चिन्हे दिसली तर ही शस्त्रक्रिया टाळलेलीच बरी. रात्रपाळीच्या वाहनचालकाची गरज आणि दिवसभर कार्यालयात बसणाऱ्याची गरज एक नसते. एखाद्याला उणे ८ चा चष्मा ठेवणेच अधिक शहाणपणाचे ठरू शकते आणि तसे स्पष्ट सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे.