विमान अपघात : तकदीर, चूक की न ऐकलेली हाक?

अहमदाबादच्या विमान अपघातानंतर आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये त्याचा विषय निघाला नाही असा दिवस जात नाही. १२ जून २०२५ रोजी लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर जेमतेम अर्ध्या मिनिटात मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला. खाली जमिनीवरचे १९ जण गेले, आणि तेही ऐन जेवणाच्या वेळी. विमानातल्या कर्मचाऱ्यांमध्ये पनवेल, डोंबिवली, बदलापूरची तरुण मुलं होती. अल्लाह सगळ्यांच्या घरच्यांना सब्र देवो.

आपल्या घरांमध्ये अशा बातमीनंतर दोनच उत्तरं ऐकू येतात. वडीलधारी म्हणतात, "मौत लिहिलेली होती, तिला कोण टाळणार?" आणि मोबाईलवाली पोरं म्हणतात, "पायलटनेच केलं." दिसायला ही दोन वेगळी उत्तरं, पण दोन्हींचं काम एकच. पुढचा प्रश्न बंद करणं.

१२ जुलैला तपास यंत्रणेचा प्राथमिक अहवाल आला. त्यात म्हटलं आहे की उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा चालू-बंद करणारे स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'बंद'वर गेले. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, तू बंद का केलंस? दुसरा म्हणतो, मी नाही केलं. कोण कोणाला म्हणालं, हे अहवालात नाही. स्विच कसे आणि का हलले, हेही नाही. हा अंतिम अहवाल नव्हता. तरीसुद्धा टीव्हीवाल्यांनी आणि व्हॉट्सॲपवाल्यांनी दोन दिवसांत निकाल देऊन टाकला. जे दोघे आता बोलू शकत नाहीत त्यांच्यावर, पुरावा पूर्ण नसताना, आरोप ठेवणं हे आपल्याला शोभतं का? म्हणून अहमदाबादबद्दल आम्ही आज काही निष्कर्ष काढणार नाही. ज्यांचा तपास पूर्ण झाला आहे, अशा अपघातांबद्दल बोलू. आखाताशी घराघरातून नातं असलेल्या आपल्या लोकांना ते जास्त जवळचे आहेत.

२२ मे २०१०. दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान. आत १६६ माणसं, बहुतेक आखातात कमावणारी आणि त्यांची मुलंबाळं. मंगळूरची धावपट्टी डोंगर सपाट करून केलेली, टोकाला थेट दरी. चौकशीत असं निघालं की कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेले होते. विमान उतरताना खूप उंचावर आणि वेगात होतं. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाला ते कळलं होतं. 'परत वर घ्या', म्हणजे विमानाच्या भाषेत 'गो अराउंड', असं त्यांनी तीन वेळा सांगितलं. यंत्रही इशारे देत होतं. आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर विमान सुमारे ५,२०० फूट पुढे जाऊन टेकलं. १५८ जण गेले, आठ वाचले.

त्यानंतर दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोविडमध्ये अडकलेल्या आपल्या माणसांना घेऊन दुबईहून कोझिकोडला विमान आलं. कंपनी तीच, विमानाचा प्रकार तोच, धावपट्टीही तशीच डोंगरावरची. १९० जणांपैकी २१ गेले, त्यात दोन्ही वैमानिक. धुवाधार पाऊस, पाठीमागून वारा, आणि कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. निम्मी धावपट्टी संपत आल्यावर विमान टेकलं. अहवाल सांगतो की सहवैमानिकाने इथेही 'गो अराउंड' म्हटलं होतं. पण विमान वर घेतलं गेलं नाही, आणि सहवैमानिकाने स्वतः ताबा घेतला नाही.

आता हे कॅप्टन बेफिकीर होते का? मुळीच नाही. नागपूरशी नातं असलेले, हवाई दलात नाव कमावलेले, हजारो तास उडालेले माणूस होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळचं विमानही त्यांनाच न्यायचं होतं. दुसरीकडे उतरले असते तर ते वेळापत्रक कोलमडलं असतं. तपास अहवालाने या दबावाची आणि तिथे कॅप्टन कमी असण्याची दखल घेतली आहे. म्हणजे चूक कॉकपिटमध्ये झाली, पण तिची तयारी ऑफिसातल्या ड्युटीच्या तक्त्यावर आधीच होऊन गेली होती.

हा फक्त आपल्या देशातला प्रकार नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांना धडकली, ५८३ माणसं मेली. त्यातल्या एका विमानाच्या इंजिनिअरने शंका काढली होती, "समोरचं विमान अजून बाजूला गेलेलं नाही का?" कॅप्टनने ठामपणे 'गेलं' म्हटलं आणि विषय संपला. जुलै १९९१ मध्ये जेद्दाहून नायजेरियाच्या हाजींना घेऊन निघालेलं विमान आगीत कोसळलं, २६१ गेले. त्या विमानाच्या टायरमध्ये हवा कमी होती आणि मेकॅनिकला ते ठाऊक होतं. पण हवा भरायला लागणारा नायट्रोजन लगेच मिळेना, आणि उशीर नको म्हणून विमान तसंच सोडलं गेलं. हज करून घरी निघालेली माणसं होती ती.

चारही ठिकाणी धोका दिसलेला माणूस होता. तो लहान पदावर होता.

टेनेरिफनंतर जगाने यातून धडा घेतला. कॉकपिटमधल्या धाकट्याने स्पष्ट बोलायचं आणि थोरल्याने ऐकायचं, याचं रीतसर प्रशिक्षण वैमानिकांना दिलं जाऊ लागलं. आपल्याकडे १९९६ मध्ये हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण गेले. त्यानंतर टक्कर टाळणारं यंत्र आपण सक्तीचं केलं. असे धडे साचत गेले म्हणून विमानप्रवास आज इतका सुरक्षित आहे. २०२३ मध्ये जगभरात साडेतीन कोटींहून जास्त उड्डाणं झाली, आणि प्रवासी जेट विमानाचा एकही जीवघेणा अपघात झाला नाही. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली. तेव्हा उमराहचं किंवा दुबईचं तिकीट रद्द करायचं काही कारण नाही. खरी भीती बाळगायची ती घराकडून एअरपोर्टला जाणाऱ्या गाडीची, ड्रायव्हर रात्रभर जागा असेल तर.

पण यात आपला काय संबंध, असं कोणी विचारेल. आहे. काही पावसाळ्यांपूर्वी आखातातून येणाऱ्या मेहुण्यांना आणायला आम्ही खेडहून मुंबईला गेलो होतो. पाऊस कोसळत होता. विमान मुंबईवर दोनदा खाली आलं, परत वर गेलं आणि हैदराबादला वळवलं. बाहेर उभे असलेले आम्ही सगळे चिडलो. "बाकीची उतरली, ह्यालाच काय झालं?" "नवशिका पायलट दिसतो." त्यात आमचाही आवाज होता. मंगळूरचा अहवाल वाचल्यावर कळलं की त्या रात्री आम्ही ज्याला नवशिका म्हटलं, त्याने नेमकं तेच केलं होतं जे मंगळूरला झालं नाही.

आणखी एक गोष्ट, शिक्षक म्हणून सांगायला हवी. सातवीच्या वर्गात एका मुलीने उठून म्हटलं, "सर, तिसऱ्या ओळीत चुकलंय." आम्ही म्हणालो, "आधी स्वतःची वही बघ." घरी येऊन पाहिलं, तर चूक आमचीच होती. दुसऱ्या दिवशी वर्गात तसं सांगितलं, पण त्या मुलीने पुढे महिनाभर हात वर केला नाही. मोठ्यांपुढे बोलू नये, ही आपली तहजीब आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. पण आदर राखणं वेगळं आणि धोका दिसत असताना गप्प बसणं वेगळं, हे मुलांना शिकवलं पाहिजे. आपलीच मुलं उद्या पायलट, नर्स, सुपरवायझर होणार आहेत.

तकदीरवर आपला ईमान आहे. पण तवक्कुल उंट बांधल्यानंतरचा, हेही आपण लहानपणीच शिकलो आहोत.

म्हणून अहमदाबादचा अंतिम अहवाल वाचताना फक्त 'दोषी कोण' एवढी ओळ शोधू नका. कोणाला आधी काही दिसलं होतं का, त्याने ते सांगितलं का, कोणी ऐकलं का, आणि या अहवालातल्या सूचना कोण, कधीपर्यंत अमलात आणणार, हे चार प्रश्न आपल्या खासदारांना, विमान कंपन्यांना आणि सरकारला विचारा. मंगळूरनंतर आपण ते पुरेसे विचारले नाहीत. दहा वर्षांनी कोझिकोडला तीच हाक पुन्हा वाया गेली.