घरसंसार : कुकरची शिट्टी आणि लग्नातली ‘एक्स्प्रेसो’



वणीकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमान कोळसा खाणीत, महिन्यातून बरेच दिवस रात्रपाळी. त्यांना कॉफीची आवड, तीही लग्नात मिळते तशी फेसाळ, कडक ‘एक्स्प्रेसो’. मुलगा पुण्याला कंपनीत लागला आहे. तो म्हणतो, बाबांसाठी हप्त्यावर मशीन घेऊ. शेजारच्या काकूंचे म्हणणे, मशीन कशाला, कुकरच्या शिट्टीच्या जागी बसणारी नळी बाजारात मिळते, तिच्यावर अगदी लग्नासारखी कॉफी होते. ताई, यातले काय करू, असे या भगिनीने विचारले आहे.

आधी कुकरचे बोलते, कारण तिथे पैशाचा नाही, हातपाय भाजण्याचा प्रश्न आहे. अशा नळ्या मिळतात हे खरे आहे. कुकरमध्ये पाणी उकळवायचे आणि नळीतून येणारी वाफ दुधात सोडायची, अशी ती युक्ती. कुकरमधली वाफ साधारण १२० अंशांची असते, उकळत्या पाण्याहूनही तापलेली. नळी निसटली, की ती वाफ सरळ हातावर किंवा तोंडावर येते. दुसरे म्हणजे, शिट्टी ही नुसती आवाजासाठी नसते. जास्तीची वाफ बाहेर जाण्याची ती वाट आहे. त्या वाटेवर भलतेच काही बसवले, आणि नळीचे तोंड दुधाच्या सायीने किंवा कॉफीच्या चोथ्याने बुजले, तर दाब आतच वाढत राहतो. मग सगळी भिस्त त्या छोट्या सेफ्टी व्हॉल्व्हवर. तो आपण शेवटचा कधी बदलला, हे किती जणींना आठवते? काही जण कॉफीची भुकटी थेट कुकरमध्येच टाकून उकळतात, ते तर मुळीच करू नये. कुकर डाळ-भातासाठी केलेला आहे. त्याच्याकडून तेवढेच काम घ्यावे.

शिवाय एवढा धोका पत्करूनही खरी एस्प्रेसो कुकरवर होतच नाही. हा शब्द इटलीचा आहे. आपण त्याला ‘एक्स्प्रेसो’ म्हणतो, जणू विदर्भ एक्स्प्रेसची बहीण. मूळ अर्थ दाबून काढलेली. बारीक दळलेल्या कॉफीतून गरम पाणी जोराच्या दाबाने २५-३० सेकंदांत काढायचे, आणि खाली दोन-तीन चमचे दाट अर्क पडतो. तीच एस्प्रेसो. इटलीतल्या तुरिन शहरातल्या मोरिओंदो याने १८८४ साली वाफेच्या अशा यंत्राचे पेटंट घेतले. १९०१ मध्ये मिलानच्या बेझेरा याने त्यात सुधारणा केली. पण नुसत्या वाफेला तेवढा जोर नव्हता. दांडा ओढून दाब देणारी गाजियाची यंत्रे १९४८ पासून निघाली, तेव्हा कुठे कॉफीवर तो तपकिरी, साईसारखा थर दिसू लागला. आज एस्प्रेसोसाठी हवेच्या दाबाच्या नऊपट दाब लागतो असे मानतात, म्हणजे चौरस इंचाला सुमारे १३० पौंड. आपला कुकर शिट्टी देतो तो १५ पौंडांच्या आसपास. आता तुम्हीच हिशेब करा.

मग लग्नातली ती काय? पितळी किंवा स्टीलची उंच टाकी, खाली गॅस, बाजूला तोटी. माणूस मगात दूध, साखर आणि कॉफीची पावडर घेऊन तोटीखाली धरतो, फुर्रर्र आवाज होतो, वर कोकोची चिमूट टाकतो. यात दाबून काढलेला अर्क कुठेच नाही. साधी विरघळणारी पावडर आणि वाफेने फेसाळलेले दूध. चव मात्र छान असते, त्याबद्दल तक्रार नाही. मंडपात पोरेसोरे त्या टाकीभोवती घोळका करतात ते काही उगाच नाही.

ही चव घरी आणायला यंत्र लागत नाही. एका कपासाठी सपाट चमचाभर, म्हणजे साधारण दोन ग्रॅम पावडर, दोन चमचे साखर आणि अगदी अर्धा चमचा पाणी कपात घ्यावे. पाणी जास्त झाले की काम बिघडते. चमच्याने पाच-सात मिनिटे फेटावे. काळा रंग आधी तपकिरी, मग फिकट बदामी होतो आणि मिश्रण फुगते. साखरेच्या दाटपणामुळे आत कोंडलेली हवा टिकून राहते, म्हणून बिनसाखरेच्या कॉफीचा फेस असा टिकत नाही. त्यावर कडकडीत दूध वीतभर उंचीवरून ओतावे. कोको असेल तर वरून भुरभुरावा, नसेल तर नसो. फेटायचे काम घरातल्या मुलांना द्यावे. ती हौसेने करतात, आणि आईचाच हात का दुखावा?

कडक कॉफी हवी असेल तर दाक्षिणात्य पद्धतीचा स्टीलचा फिल्टर घ्यावा. एकावर एक बसणारे दोन डबे, वरच्याला बारीक भोके. वरच्या डब्यात तीन चमचे, म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास फिल्टर कॉफी घालून हलकेच दाबावी, उकळून क्षणभर थांबलेले अर्धा कप पाणी ओतावे आणि झाकण ठेवावे. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट काढा उतरतो. दूध घालून त्याचे दोन-तीन कप होतात. फिल्टर नसेल तर स्वच्छ सुती कापडातून गाळले तरी चालते. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. विरघळणारी पावडर वेगळी आणि फिल्टरची भुकटी वेगळी. आपल्या किराणा दुकानात बहुधा पहिली असते. ती फिल्टरमध्ये घातली तर नुसतीच विरघळून खाली येते, आणि फिल्टरची भुकटी दुधात घातली तर दाताखाली रेती आल्यासारखी लागते.

पाकीट घेताना मागचा बारीक मजकूर मुलांकडून वाचून घ्या. पुष्कळ पाकिटांत कॉफीबरोबर चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. तिच्याने रंग आणि कडवटपणा येतो, पण तरतरी येत नाही, कारण तिच्यात कॅफीन नसते. कायद्याने अशा मिश्रणात निम्म्याहून अधिक, निदान ५१ टक्के कॉफी असावीच लागते, आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. चिकोरी वाईट नाही, पण कॉफीच्या भावाने तिला पैसे का मोजावेत?

आता मुलाच्या मशीनकडे वळू. पोराच्या मनात बापाबद्दल माया आहे, ही मोठी गोष्ट आहे. पण हप्ता संपला म्हणजे खर्च संपला असे या वस्तूचे नाही. फेटलेल्या कॉफीला कपामागे दोन ग्रॅम पावडर लागते, तर खऱ्या एस्प्रेसोला सात ते नऊ ग्रॅम. रोज एक कप धरला तर महिन्याला एकीकडे ६० ग्रॅम आणि दुसरीकडे २४० ग्रॅमच्या घरात, तीही ताजी दळलेली. स्वस्त यंत्रांपैकी काहींना पंपच नसतो, ती वाफेवरच चालतात. म्हणजे पैसे यंत्राचे आणि कॉफी जवळपास टाकीवाल्याची. मुलाला घ्यायचेच असेल तर गॅसवर ठेवायचे छोटे मोका पॉट घ्यायला सांगा. इटलीत १९३३ पासून साध्या घरांत ते वापरात आहे. खाली पाणी, मध्ये भुकटी, वर कॉफी चढते. दाब थोडाच, पण अर्क दाट येतो. खालच्या भांड्यातले पाणी व्हॉल्व्हच्या खाली असावे, भुकटी दाबून भरू नये, आंच मंद असावी. किंमत मशीनच्या मानाने फारच कमी.

कॉफी म्हणजे बंगल्यातल्या लोकांचे पेय, असे काही जणी म्हणतात. विदर्भातच चिखलदऱ्याला कॉफीची झाडे आहेत, आणि तिथे तोडणीला जाणारे हात मजुरांचेच. आणि ‘इंडियन कॉफी हाऊस’ कुणाची? १९५०च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली, तेव्हा कामावरून निघालेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पाठबळाने सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ती स्वतः चालवली.

रात्रपाळीसाठी मात्र वेळ सांभाळावी लागेल. कॉफीतले निम्मे कॅफीन शरीरातून जायला पाच-एक तास लागतात. म्हणून यजमानांनी कॉफी पाळीच्या सुरुवातीला किंवा फार तर मध्यावर घ्यावी. पहाटे घेतली तर घरी येऊन झोप लागत नाही, मग दिवसभर चिडचिड, आणि ती कुणावर निघते हे मी सांगायला नको. कडक म्हणून एस्प्रेसोच हवी, असेही नाही. तिच्या छोट्या कपात जेवढे कॅफीन असते, जवळपास तेवढेच चिकोरी नसलेल्या विरघळणाऱ्या कॉफीच्या मोठ्या कपात असते.

लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या भगिनींनी आणि मुलींनी गोळीबरोबर किंवा जेवणाबरोबर कॉफी-चहा घेऊ नये. त्याने लोह अंगी लागत नाही. तासाभराचे अंतर ठेवावे. गरोदर असाल तर दिवसाला एक-दोन लहान कपांवर थांबा.

प्रवासाचेही विचारले आहे, कारण घरची मंडळी दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला जातात. धामणगावहून गाडीत बसल्यावर स्टोव्ह किंवा छोटा गॅस पेटवण्याचा विचार कुणीही करू नये. असे ज्वालाग्राही सामान डब्यात आणणे हाच १९८९च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोबाईलच्या सॉकेटला विजेची किटलीही लावू नये. घरून निघताना पावडर आणि साखर एकत्र फेटून घट्ट झाकणाच्या डबीत भरावी, थर्मासमध्ये नुसते उकळते पाणी घ्यावे. दूध नको, लांबच्या प्रवासात ते नासते आणि थर्मासला वास धरतो. डबीतला चमचाभर गोळा कपात, वर गरम पाणी. सहा-सात माणसांना दोनदा पुरेल एवढी डबी पिशवीच्या कोपऱ्यात मावते. दूध लागतेच म्हणणाऱ्यांनी दूध पावडरची पुडी वेगळी ठेवावी.