जन्मरत्नांचे थोतांड

वाशी, नेरूळ, बेलापूर या भागांतील सुशिक्षित कुटुंबांत हल्ली एक नवाच संस्कार रूढ होऊ पाहत आहे. मूल दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर आले, की शिकवणीच्या जोडीला त्याच्या बोटात एखादे रत्न चढते. कोणी ते जन्ममास पाहून घेतो, कोणी जन्मरास पाहून. खेड्यातल्या माणसाच्या नवसाला हसणारी हीच मंडळी पुष्कराजाच्या खड्यासाठी हजारो रुपये मोजताना मोठी गंभीर होतात. जे नगर १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने कागदावर रेखून, हिशेबाने मोजून खाडीकाठी उभारले, त्याच नगरात मुलांचे भवितव्य खड्याच्या हवाली व्हावे, ही विसंगती उपेक्षणीय आहे असे आम्हांस वाटत नाही.

या रूढीच्या समर्थनार्थ पहिला आधार दिला जातो तो प्राचीनतेचा. त्याची परीक्षा करू. जानेवारीस तामडी, फेब्रुवारीस जांभळा स्फटिक, मे महिन्यास पाचू, जुलैस माणिक, ही जी यादी दुकानांतून झळकते, ती कोणा ऋषीने सांगितलेली नाही. बारा रत्नांचा उल्लेख बायबलातील धर्मगुरूच्या उरस्त्राणात आहे, हे खरे. परंतु आजची यादी अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या संघाने १९१२ साली कॅन्सस येथे भरलेल्या सभेत मुक्रर केली. पुढे तीत भर पडत गेली. टांझानाइट नावाचे निळे रत्न टांझानियात १९६७ साली सापडले आणि २००२ साली ते डिसेंबरचे जन्मरत्न ठरले! मग त्यापूर्वी डिसेंबरात जन्मलेली कोट्यवधी माणसे एका रत्नास मुकली असे समजावयाचे काय? व्यापाऱ्याने आपला माल खपविण्यासाठी यादी करावी, यात गैर काही नाही. गैर आहे ते त्या यादीस विधिलिखित मानणे.

यावर आमचे स्वदेशाभिमानी मित्र म्हणतील, 'विलायती यादी सोडा. आमची नवरत्ने तर शास्त्रोक्त आहेत.' त्यांच्याच शास्त्राने चालू. रवीचे रत्न माणिक, शनीचे नीलम, गुरूचे पुष्कराज. रवी व शनी हे पितापुत्र असूनही परस्परांचे वैरी, म्हणून माणिक व नीलम एकत्र धारण करू नयेत, असे ज्योतिषी बजावून सांगतात. आता रसायनशास्त्र काय सांगते ते ऐकावे. माणिक, नीलम आणि पिवळा पुष्कराज ही तिन्ही एकाच खनिजाची, म्हणजे कुरुंदाची, रूपे आहेत. ॲल्युमिनियम व प्राणवायू यांच्या या संयुगात क्रोमियमचा अल्प अंश शिरला की ते तांबडे होते, लोह व टायटेनियम शिरले की निळे. धार लावणाऱ्याच्या चाकाला ज्याची भुकटी वापरीत आले, तो हाच कुरुंद. ज्या वैऱ्यांना एका बोटाजवळ येऊ द्यावयाचे नाही, ते खाणीत सख्खे भाऊ म्हणून नांदत असतात!

'खडा नैसर्गिक हवा, तरच फळ देतो', हा पुढचा बचाव. फ्रेंच रसायनज्ञ व्हेर्नई याने कृत्रिम माणिक करण्याची रीत १९०२ साली प्रसिद्ध केली. घटक तेच, कठीणपणा तोच. मग ग्रहाचा किरण कोणत्या फरकाने अडतो? शिवाय ज्यांस नैसर्गिक म्हणून विकतात, त्यांतील पुष्कळ खडे रंग खुलावा म्हणून भट्टीत तापविलेले असतात, आणि पाचूच्या भेगांत तेल भरलेले असते. ग्रहाची कृपा तापविण्यापूर्वीची की नंतरची, याचा खुलासा कोणी करीत नाही.

आमचे पूर्वज या बाबतीत आमच्याहून डोळस होते. कौटिल्याने रत्नपरीक्षेचे प्रकरण लिहिले ते राजकोशात खोटा माल शिरू नये म्हणून. आणि जो नक्षत्रांच्या फार मागे लागतो त्याच्या हातून अर्थ निसटतो, असा इशाराही त्यानेच देऊन ठेवला आहे. वराहमिहिराने रत्नांचे शुभाशुभ मानले, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यानेही तेज, रंग, दोष यांची कसून परीक्षा सांगितली. आम्ही त्याची परीक्षा टाकली आणि शुभाशुभ तेवढे उचलले.

शेवटचा युक्तिवाद सर्वांत सौम्य आणि म्हणूनच सर्वांत घातक: 'मुलाला धीर येतो, त्यात कोणाचे काय बिघडते?' बिघडते ते हे. यश आले तर ते खड्याचे, अपयश आले तर ते ग्रहाचे. मुलाच्या स्वतःच्या श्रमास दोन्हीकडे जागा उरत नाही. गणितात तो कोठे चुकला, हे त्याच्या शेजारी बसून पाहण्यापेक्षा अंगठी घेणे बापास सोपे जाते. घरात दुखणे असले तर वैद्याकडे जाण्याचे दिवस शनीच्या शांतीत दवडले जातात. धीर द्यावयाचा तो आईबापांनी; ते काम दगडावर सोपविणे हा प्रेमाचा प्रकार नव्हे.

मग रत्ने वापरूच नयेत काय? अवश्य वापरावीत, पण अलंकार म्हणून; आणि अलंकार म्हणून त्यांची निगा राखावी. अंगठी कच्च्या दुधात बुडविण्याचा विधी सांगणारे ही निगा मात्र सांगत नाहीत. मोती व पोवळे ही चुन्याच्या जातीची आणि मऊ. आमच्या खाडीकाठच्या दमट हवेतला घाम, अत्तर, लिंबाचा रस यांनी त्यांची झळाळी जाते, म्हणून वापरल्यावर मऊ फडक्याने पुसून ती निराळी ठेवावीत. पाचू कढत पाण्यात घालू नये. जांभळा स्फटिक सतत उन्हात राहिला तर फिकटतो.

हा जांभळा स्फटिक तर आमच्या महाराष्ट्राच्या काळ्या दगडातही सापडतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजला, त्यातील पोकळ्यांत पुढे गारेचे स्फटिक वाढले आणि लोहाच्या अंशाने काही जांभळे झाले. पारसिकचा डोंगर त्याच लाव्ह्याचा. विमानतळासाठी कापलेली उलव्याची टेकडीही त्याच लाव्ह्याची. बापाने मुलास अंगठी देण्याऐवजी एका रविवारी या डोंगराकडे न्यावे आणि हा दगड कसा झाला ते सांगावे. त्यात खर्च नाही, आणि मुलाच्या हाती जे पडेल ते कोणत्याही ग्रहदशेत त्याच्यापाशीच राहील.