टनामागे एक रुपया



शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे काढली, म्हणून खेड्यातली पोरे शिकली. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ झाले. तेथे ‘कमवा व शिका’ योजनाही आहे. तरीही ऊस नोंदीसाठी शिवारात फिरताना आम्हांस दिसते, की प्रवेश मिळालेली मुलगी खोलीभाडे नि मेसच्या पैशापायी घरी बसते. बेणे उत्तम, पण पहिले पाणीच चुकले तर उगवण कशी व्हायची?

कपात म्हटले की कपाळाला आठ्या पडतात, हे आम्ही जाणतो. पण स्वखुशीने टनामागे एकच रुपया दिला, तर पाच लाख टन गाळपाला पाच लाख रुपये जमतील. वार्षिक सभेत तसा ठराव मांडावा, असे आमचे मत आहे. पोर आपलीच आहे.