रंग किती असावेत ?

डायमंड पेंटिंगचा छंद अलीकडे मुलामुलींत बराच फैलावला आहे. नांव हिऱ्याचें, पण चिकट कापडावर बसवावयाचे ते कण मात्र रेझिनचे. 'नांव सोनुबाई, हातीं कथलाचा वाळा' ही म्हण कोणास आठवल्यास आम्ही त्यास दोष देणार नाहीं. तथापि छंद चांगला आहे, आणि म्हणूनच त्यांत शिरलेल्या एका समजुतीविषयीं लिहावेसें वाटतें. ती समजूत ही कीं, जितके रंग अधिक तितकें चित्र सरस. साठ रंगांच्या पेटीपुढें वीस रंगांची पेटी दरिद्री भासूं लागते, आणि पालकही मुलाचा हट्ट पुरवितात.

आमच्या मतें रंग ठरविण्यापूर्वीं घरें मोजावीं. चौकोनी कण सुमारें अडीच मिलिमीटरचा असतो. म्हणजे 30 सेंटिमीटर रुंद व 40 सेंटिमीटर उंच कापडावर आडवीं 120 व उभीं 160, एकूण 19,200 घरें झालीं. संख्या मोठी दिसते खरी. परंतु त्यावर सबंध कुटुंबाचें छायाचित्र उतरविल्यास आजीचा चेहरा पांच सेंटिमीटर रुंद, म्हणजे अवघ्या वीस घरांचा होतो. एकेका डोळ्याच्या वांट्यास तीन-चार घरें ! तेथें साठ रंग ओतल्यानें आजी अधिक ओळखूं येत नाहीं. उलट तिच्या गालावर निरनिराळ्या छटांचे एकेकटे कण चुरमुऱ्यांसारखे विखुरतात, आणि कित्येक आठवडे मान मोडून बसलेल्या मुलीस शेवटीं 'ही कोण?' असा प्रश्न ऐकावा लागतो. त्यापेक्षां एकट्या आजीचाच चेहरा कापडभर घ्यावा. मग पंचवीस-तीस रंग पुरे. हें औषध कडू आहे हें आम्ही जाणतों, कारण कुटुंबांतून वगळावें कोणास ?

साध्या फुलास पंधरा-वीस रंगही शोभतात. सायंकाळच्या आकाशाचें मात्र तसें नाहीं. तेथें छटा कमी पडल्या तर पट्टे उमटतात. मॅटीवर भरतकाम केलेल्या मातांस हें सांगणें नलगे. अनेक पेट्यांत रंगांचे क्रमांकही डीएमसी या फ्रेंच कंपनीच्या दोऱ्यांचेच असतात. ज्या रंगाचीं दहा-पंधराच घरें असतील तो जवळच्या छटेंत मिळवून टाकावा. रात्रीं दिव्याखालीं त्या दोहोंतील भेद तसाही दिसत नाहीं.

शिवाय डोळा स्वतःही रंग कालवितो. जॉर्ज स्यूरा या फ्रेंच चित्रकारानें 1884 ते 1886 या काळांत नदीकांठच्या रविवारचें भव्य चित्र ठिपक्यांनीं रंगविलें, तें याच भरंवशावर. आपलें चित्रही भिंतीवर जावयाचें, आणि लोक तें आठ-दहा फुटांवरून पाहणार. म्हणून छायाचित्रावरून पेटी करवून घेतांना दुकानदाराकडून पडद्यावरील नमुना आधीं मागावा, तो खोलीच्या दुसऱ्या टोकाशीं ठेवावा, डोळे किलकिले करावे, आणि घरांतील सर्वांत लहान मुलास विचारावें कीं, ही कोण.